डोळे पुढे, बोटं मागे

गेल्या वर्षी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मी पियानोची तिसऱ्या ग्रेडची परीक्षा दिली. बाहेरच्या बाकावर नऊ-दहा वर्षांची पोरं, त्यांच्या आया, वॉटरबॅगा आणि मधोमध मी. तयारी करून नेलेले तीन पीसेस बरे गेले. तिसरा तर इतका बरा गेला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग परीक्षकांनी स्टँडवर एक नवा कागद ठेवला. आठ बार, कधीही न पाहिलेले. अर्धा मिनिट बघायचं आणि वाजवायचं. या प्रकाराला साइट-रीडिंग म्हणतात.

पहिला बार वाजला, दुसऱ्यात अडखळले. तिसऱ्या बारात डाव्या हाताचा स्वर कुठला हे शोधायला खाली पट्ट्यांकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं, तर कागदावर मी कुठे होते तेच सापडेना. उरलेलं मी कसं संपवलं ते सांगण्यासारखं नाही. पास झाले, पण त्या भागात मिळायचे तेवढे कमीत कमी मार्क मिळाले.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की माझ्या पीएचडीचा विषयच वाचताना होणाऱ्या डोळ्यांच्या हालचाली हा आहे. देवनागरी वाचताना नजर कुठे थांबते, कुठून उडी मारते, हे मी रोज स्क्रीनवर बघते. आणि स्वतःची नजर आठ बारांत हरवली! घरी आल्यावर थोडा राग, थोडी लाज अशा अवस्थेत मी संगीतवाचनावरचे पेपर काढून बसले. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगते. सल्ल्यांचे व्हिडिओ खूप आहेत, पण सल्ल्यामागे नक्की काय मोजलं गेलंय हे त्यात कुणी सांगत नाही.

आधी माझा रोग काय होता ते. लहान मूल पहिलीचं पुस्तक 'वाचतं' ते आठवा. बोट ओळीवर फिरतंय, तोंडाने धडा चालू आहे, आणि पान उलटायचं राहिलं तरी धडा पुढे चालूच आहे. म्हणजे सगळं पाठ झालंय. पियानोवर माझं तेच होतं. मी नवा पीस घ्यायचे, एकेक स्वर रेघा मोजून ओळखायचे, बोटांना शिकवायचे, आणि दोन आठवड्यांत तो पाठ व्हायचा. त्यानंतर समोरचा कागद म्हणजे निव्वळ शोभा. तीन वर्षांत जेमतेम वीस-बावीस पानं वाचली असतील, आणि प्रत्येक पान शंभर वेळा वाजवलं असेल. यात वाजवण्याचा सराव झाला, वाचण्याचा नाही. शिवाय लहानपणी हार्मोनियम शिकलेली असल्यामुळे कान जरा तयार आहे. चाल एकदा कानात बसली की हात आपोआप जातो, डोळ्यांना काही कामच उरत नाही. आपल्याकडून पियानोकडे वळलेल्या बऱ्याच जणांचं हे असंच होतं. भातखंड्यांची स्वरलिपी आपण वापरतो ती मुख्यतः बंदिश आठवणीत ठेवायला. ती समोर ठेवून मैफिलीत कुणी गात नाही, त्यामुळे न ऐकलेलं बघून तिथल्या तिथे वाजवायची वेळ आपल्यावर येतच नाही.

आता डोळ्यांकडे येऊ. हात लांब करून अंगठा वर धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढ्याच भागात आपल्याला खरं बारीक दिसतं. बाकी सगळं अंधुक असतं, पण मेंदू ते जाणवू देत नाही. म्हणून वाचताना नजर सरकत नाही, उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, मग पुढची उडी. उडीच्या दरम्यान जवळजवळ काहीच दिसत नाही. मजकूर वाचताना हे एका ओळीत चालतं. पियानोच्या कागदावर एकाखाली एक अशा दोन ओळी, वरची उजव्या हाताची, खालची डाव्या हाताची. दोन्ही एकदम नखाएवढ्या जागेत मावत नाहीत. म्हणजे नजरेला आडवंही जायचंय आणि उभंही. १९४३ मध्ये वीव्हर यांनी पियानोवादकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा असं दिसलं की संगीत कसं आहे त्यावर नजरेची वाट बदलते. चर्चमधल्या हिमसारखं, एकावर एक स्वर रचलेलं संगीत असेल तर नजर वर-खाली वर-खाली अशी जाते. दोन हातांत दोन स्वतंत्र चाली असतील, तर एका ओळीवर थोडी पुढे जाते, मग दुसऱ्या ओळीवर परत येते. एकच बरोबर वाट अशी नाही.

आणि हे सगळं होईपर्यंत हात थांबत नाहीत. घरी आपण कादंबरी वाचताना मधेच थबकलो तरी कुणाचं काही बिघडत नाही, पण इथे ताल चालू असतो. त्यामुळे नजरेला हातांच्या पुढे राहावंच लागतं. किती पुढे?

हे मोजायची एक झकास युक्ती जॉन स्लोबोडा यांनी १९७४ मध्ये वापरली. पडद्यावर एकेरी स्वरांची चाल दाखवायची, वादक ती वाजवायला लागला की मधेच, त्याला न सांगता, पडदा कोरा करायचा. मग बघायचं की तो पुढे आणखी किती स्वर बरोबर वाजवतो. जेवढे वाजवले तेवढे त्याने आधीच 'वाचून ठेवलेले' होते. या अंतराला नजर-हात अंतर म्हणू या. चांगले वाचणारे सात स्वरांपर्यंत जात होते, कच्चे तीन-चारवर थांबत. पण मला त्याहून आवडली ती दुसरी गोष्ट. चांगल्या वाचकांचं अंतर ठरावीक नव्हतं. चालीचा एक तुकडा जिथे संपतो तिथपर्यंत ते लांबायचं किंवा आखडायचं. म्हणजे ते स्वर मोजून उचलत नव्हते. आपण मोठ्याने वाचताना जसं 'आणि मग तो घरी गेला' एवढं एका दमात उचलतो, तसं ते सांगीतिक वाक्यं उचलत होते.

हे वाचल्यावर कुणीही म्हणेल की सोपं आहे, मग आपणही पुढे बघायचं. सगळे शिक्षक हेच सांगतात. मी महिनाभर हे प्रामाणिकपणे करून बघितलं. नजर जबरदस्तीने एक बार पुढे ठेवली. परिणाम असा की पुढचं दिसायचं, पण वाजवायची वेळ येईपर्यंत विसरलेलं असायचं. घागर भरायची म्हणून नळ जोरात सोडला, पण घागरीचं तोंडच अरुंद, तसं काहीसं.

याचं उत्तर मला फर्नो आणि लँड यांच्या १९९९ च्या पेपरात मिळालं, आणि या संपूर्ण विषयातला माझा सगळ्यात आवडता निष्कर्ष तोच आहे. त्यांनी डोळ्यांची हालचाल आणि पट्ट्या दाबल्याची वेळ दोन्ही एकाच वेळी टिपल्या. वादक मोजके होते, पण नवशिक्यापासून व्यावसायिकापर्यंत सगळ्या पातळ्यांचे. स्वरांत मोजलं तर अपेक्षेप्रमाणेच निघालं. कच्च्यांची नजर हातापुढे साधारण दोन स्वर, व्यावसायिकांची चारच्या आसपास. पण तेच अंतर वेळेत मोजलं, तर सगळ्यांचं सारखंच, सुमारे एक सेकंद! नवशिकाही एक सेकंद पुढे, उस्तादही एक सेकंद पुढे. वेळेचं हे अंतर बदलायचं ते फक्त लयीप्रमाणे. संथ वाजवताना १.३ सेकंदांपर्यंत जायचं, जलद वाजवताना ०.७ पर्यंत यायचं. कौशल्याने त्यात फरक पडत नव्हता.

म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. कागदावरून उचललेली गोष्ट डोक्यात एका छोट्या पेटीत थांबते आणि सुमारे सेकंदाने हातातून बाहेर पडते. ही पेटी कुणाचीच फार मोठी नाही. फरक आहे तो एका सेकंदात तिच्यात काय भरलं जातं त्याचा. मी त्या सेकंदात 'खालून दुसरी रेघ, म्हणजे जी, आता त्याच्यावरची जागा, म्हणजे ए' असे दोन सुटे दाणे टाकते. तयार वादक त्याच सेकंदात मोदक टाकतो. म्हणून 'पुढे बघ' हा सल्ला खोटा नाही, पण उलट्या बाजूने धरलेला आहे. पुढे बघितल्याने वाचन सुधारत नाही. वाचलेलं मोठ्या तुकड्यांत बांधता यायला लागलं की नजर आपोआप पुढे जाते.

तुकडे बांधणं म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायची खरं तर गरज नाही. एसटी स्टँडवर लांबून येणाऱ्या गाडीची पाटी आपण कशी वाचतो? स, व, काना, र, ग, मात्रा असं कुणी लावत बसत नाही. 'स्वारगेट' हा आकारच ओळखीचा असतो, अर्धा दिसला तरी माणूस पिशवी उचलतो. पण तीच पाटी पहिलीतल्या मुलासमोर धरा, किंवा नुकतंच मराठी शिकणाऱ्या माझ्या तमिळ रूममेटसमोर, की गाडी निघून जाईल. कागदावरच्या स्वरांचंही तसंच असतं. एका रेघेआड एक असे तीन गोळे एकावर एक रचलेले दिसले की ते तीन स्वर नसतात, एक कॉर्ड असते, आणि हाताची एक ठरलेली ठेवण असते. डाव्या हातात सी, जी, ई, जी असं पुन्हा पुन्हा आलं तर ते सोळा स्वर नव्हेत, एकच नक्षी आहे. सलग चढत जाणारे गोळे म्हणजे स्केल. सुरुवात आणि शेवट बघितला की मधलं वाचायची गरज नाही.

प्रयोगांतही हे दिसतं. वॉटर्स आणि सहकाऱ्यांनी संगीताचे दोन छोटे तुकडे शेजारी शेजारी दाखवून 'सारखे की वेगळे' एवढंच विचारलं. काहीच वाजवायचं नाही. मुरलेल्या वादकांना कमी वेळा आणि कमी वेळ बघून उत्तर देता आलं. बुद्धिबळातला चेस आणि सायमन यांचा १९७३ चा प्रयोग याचा मोठा भाऊ. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर पट्टीच्या खेळाडूला ती जवळजवळ पूर्ण आठवते, पण सोंगट्या वाटेल तशा मांडल्या की त्याची आठवण नवशिक्याच्या जवळ येऊन बसते. स्मरणशक्ती अफाट आहे असं नाही, ओळखी अफाट आहेत.

या ओळखीची दुसरी बाजू फार गमतीची आहे. पियानोवादक आणि शिक्षक बोरिस गोल्डोव्स्की यांचा एक किस्सा थॉमस वुल्फ यांनी १९७६ मध्ये नोंदवला. एक विद्यार्थिनी ब्राम्सचा ओपस ७६ मधला दुसरा कॅप्रिचिओ वाजवत होती. एका कॉर्डमध्ये तिने जी-शार्पच्या जागी साधा जी वाजवला. गोल्डोव्स्कींनी थांबवलं, 'चूक' म्हणाले. ती गोंधळली, कारण तिने छापलंय तेच वाजवलं होतं. त्यांनी कागद बघितला तर खरंच छपाईची चूक! इतकी वर्षं, इतक्या वादकांनी ते पान वाजवलं होतं, आणि कुणालाच दिसलं नव्हतं. मग त्यांनी चांगल्या वाचणाऱ्या वादकांना तेच पान दिलं. यात एक चूक छापली आहे, हवं तितक्या वेळा वाजवा आणि शोधा, असं सांगून दिलं. कुणाला सापडली नाही. कुठल्या बारात आहे ते सांगितल्यावर मात्र बहुतेकांना दिसली. ती पकडली गेली ती कच्च्या वाचणारीमुळे, कारण तीच एकटी खरोखर एकेक गोळा वाचत होती.

ज्यांनी कधी मुद्रितशोधन केलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात 'वाचन' हा शब्द एके ठिकाणी 'वाचान' असा होता, आणि तो मी, माझी गाइड आणि दोन मित्र अशा चौघांनी अनेकदा 'बरोबर' वाचला. स्लोबोडांनी १९७६ मध्ये हेच प्रयोगात पकडलं. त्यांनी कागदावर मुद्दाम चुकीचे स्वर पेरले. वादकांनी त्यातले बरेच नकळत दुरुस्त करून वाजवले. तुकड्याच्या मधल्या जागी जास्त, सुरुवातीला आणि शेवटी कमी. आणि सगळ्यात बोचरं म्हणजे, तेच पान दुसऱ्यांदा वाजवताना ही नकळत दुरुस्ती वाढली. एकदा वाजवून झाल्यावर लगेच आपण कमी वाचायला आणि जास्त अंदाज करायला लागतो. माझी ती शंभर-शंभर वेळा वाजवलेली पानं मला एकदम आठवली. पहिल्या दोन-तीन वेळांनंतर मी त्यातलं काही वाचत होते असं समजायला आता जागाच नव्हती.

मग कोण चांगलं वाचतं? नुसती जास्त वर्षं वाजवणारे? लेमान आणि एरिक्सन यांनी १९९६ मध्ये सोळा पियानोवादक घेतले. काही एकल वादनाचे विद्यार्थी, काही साथसंगत करणारे. साथीचा अनुभव किती आणि साथीसाठी वाजवलेल्या रचनांचा साठा केवढा, यावरून वाचनाचा अंदाज सगळ्यात चांगला बांधता येत होता. याचं कारण उघड आहे. एकल वादक वर्षभर चार रचनांना पैलू पाडत बसतो. साथीदारापुढे आज हा गायक, उद्या तो व्हायोलिनवाला, आणि प्रत्येकाचा कागद नवा. शिवाय थांबायची सोय नाही, गायक पुढे निघून जातो.

हे वाचून मी आमच्या सरांना सांगितलं, तर ते हसले. सर मूळचे मडगावकडचे, आता पुण्यात असतात. त्यांचे वडील मुंबईत फिल्मच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. सर म्हणाले, "अगं, हे सांगायला अमेरिकेचे लोक कशाला पाहिजेत? पप्पा सकाळी घरून जायचे तेव्हा आज काय वाजवायचंय ते त्यांना माहीत नसायचं."

ते खरंच आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वर बघून गाणं, आणि बरोबर व्हायोलिनसारखं एखादं वाद्य शिकवत. तिथून तयार झालेली माणसं मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि मग सिनेमाच्या स्टुडिओंत आली. संगीतकार चाल सांगायचा, अरेंजर प्रत्येक वाद्याचा कागद लिहायचा, आणि वादक तो समोर ठेवून त्याच दिवशी वाजवायचे. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम सेबॅस्टियन डिसोझा बघायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हेही याच परंपरेतले. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते म्हणूनच. आपण जुन्या गाण्यांतल्या ज्या व्हायोलिनच्या लाटांवर जीव टाकतो, त्यामागे इतक्या लोकांची एका नजरेत कागद उचलण्याची सवय आहे. ती सवय लहानपणी, रोज आणि चारचौघांत मिसळून लागलेली होती.

'लहानपणी' या शब्दापाशी मला थांबावं लागतं, कारण तिथे माझा स्वार्थ आहे. कोपिएझ आणि ली यांनी हानोवरमधल्या ५२ पियानो विद्यार्थ्यांवर मोठा अभ्यास केला. चांगल्या वाचनाशी कशाकशाचा संबंध लागतो ते बघितलं. माहिती हाताळण्याचा वेग, मनातल्या मनात ऐकण्याची क्षमता, चक्क ट्रिल वाजवण्याचा वेग, आणि वयाच्या पंधरा वर्षांपर्यंत झालेला वाचनाचा सराव. मी पंचविसाव्या वर्षी सुरुवात केली. हा पेपर मी त्या रात्री बंद करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला, जरा शांतपणे. यातले सगळे विद्यार्थी संगीत विद्यापीठात पोचलेले, म्हणजे लहानपणीच सुरुवात केलेले होते. त्यांच्यातल्या फरकाचं स्पष्टीकरण पंधरा वर्षांपर्यंतच्या सरावाने होतं, एवढंच हा अभ्यास सांगतो. पंचविशीत सुरू करणारा माणूस त्यात नव्हताच, त्यामुळे त्याच्याबद्दल तो काहीच सांगत नाही. दार बंद आहे असंही नाही, उघडं आहे असंही नाही.

माइन्झ आणि हॅम्ब्रिक यांचा २०१० चा अभ्यास याबाबतीत जास्त उपयोगी आहे, कारण त्यातले ५७ पियानोवादक अगदी नवख्यापासून मुरलेल्यांपर्यंत होते. वाचनातल्या फरकापैकी सुमारे ४५ टक्के फरक सरावाने स्पष्ट झाला, आणि कार्यकारी स्मृतीने आणखी सुमारे ७ टक्के. कार्यकारी स्मृती म्हणजे काम चालू असताना गोष्टी डोक्यात धरून ठेवायची क्षमता, ओटीपी वाचून टाइप करेपर्यंत लागते ती. हे टक्के लोक हमखास चुकीचे वाचतात. 'माझं ४५ टक्के कौशल्य सरावातून येतं' असा याचा अर्थ नाही. समजा या ५७ जणांचे मार्क माझ्यापासून लपवले आणि मला ते ओळखायला सांगितलं. काहीच माहीत नसताना मी सगळ्यांना सरासरी मार्क देईन, आणि बऱ्याच चुका करीन. आता प्रत्येकाच्या सरावाचे तास मला सांगितले, तर माझ्या चुकांचा पसारा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होईल. स्मृतीची चाचणीही सांगितली, तर आणखी थोडा. उरलेला जवळपास निम्मा पसारा या दोन्हींनी आवरत नाही. माणसांच्या अभ्यासात एका गोष्टीने ४५ टक्के आवरणं हे पुष्कळच आहे. आणि सात टक्के शून्य नाहीत. खूप सराव केलेल्यांतही स्मृतीचा तो परिणाम पुसला गेला नाही, असं त्यांना दिसलं. मेहनतीने सगळं होतं म्हणणाऱ्यांना हे आवडत नाही, आणि मुळात अंगात असावं लागतं म्हणणाऱ्यांना ४५ चा आकडा आवडत नाही. एक मर्यादा मात्र आहे. हे सगळे सहसंबंध आहेत. ज्यांना वाचणं सोपं जातं ते जास्त वाचतात, असंही असू शकतं.

आता मी काय बदललं ते. रोज दहा मिनिटं, नवीन पान, माझ्या पातळीच्या दोन पायऱ्या खालचं. एक पान जास्तीत जास्त दोनदा वाजवायचं, मग ते संपलं. यासाठी पानं खूप लागतात, हीच मोठी अडचण आहे. मी बार्टोकच्या 'मिक्रोकॉस्मॉस'पासून सुरुवात केली. सहा भाग, १५३ रचना, आणि पहिल्या भागातल्या सुरुवातीच्या तर दोन्ही हात एकच चाल वाजवतात इतक्या सोप्या. शिवाय बार्टोकच्या चाली कानाच्या अंदाजाला दाद देत नाहीत. माझा हार्मोनियमवाला कान पुढचा स्वर 'ओळखतो' आणि दर वेळी तोंडघशी पडतो, त्यामुळे वाचावंच लागतं.

दुसरं, हातांकडे बघायचं नाही. बँटन यांच्या १९९५ च्या अभ्यासात पट्ट्या दिसेनाशा केल्यावर वादकांच्या चुका वाढल्या, कच्च्या वाचकांच्या जास्त. पण वाजवलेलं ऐकू येणं बंद केलं, तर फारसा फरक पडला नाही. म्हणजे नजर खाली जाणं ही गरज आहे, आणि तीच मोडायची आहे. प्रत्येक वेळी खाली बघितलं की दोन उड्या वाया, शिवाय परत जागा शोधायची. मी हातांवर टॉवेल टाकून वाजवते. काळ्या पट्ट्यांचे दोन-दोन आणि तीन-तीन असे गट बोटांनी चाचपायचे. पहिला आठवडा भयानक होता, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी "तब्येत बरी आहे ना?" म्हणून विचारलं.

तिसरी गोष्ट सरांनी लावली, आणि ती सगळ्यात अवघड गेली. थांबायचं नाही. चुकीचा स्वर लागला तर लागला, राहिला तर राहिला, मात्रा सोडायची नाही. चूक दुरुस्त करायला मागे जाणं ही पाठांतराची सवय आहे. सर शेजारी बसून टेबलावर ठेका धरतात, आणि मी अडकले तरी त्यांचा हात चालूच राहतो. त्या अर्ध्या मिनिटात मी आता स्वर बघतच नाही. आधी कुठले शार्प-फ्लॅट आहेत, किती मात्रांचं आहे, सगळ्यात अवघड लयीचा बार कुठला, आणि हात जागा कुठे बदलतो, एवढंच. तो एक बार मनातल्या मनात टाळी देऊन बघते.

सहा महिने झाले. आकडा देण्याजोगं मोजमाप मी केलेलं नाही, आणि एका माणसावरून काही सिद्धही होत नाही. एवढं सांगते की परवा एक नवीन पान वाजवताना डाव्या हाताची नक्षी मी वाचलीच नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं. ती नुसती दिसली होती.

मागच्या महिन्यात सरांच्या मनगटाला प्लास्टर लागलं. डिसेंबरात त्यांच्या चर्चच्या क्वायरच्या तालमी सुरू होतात. त्यांनी मला हिम्सची वही दिली आणि म्हणाले, "शुक्रवारी ये. आधी बघून ठेवू नको." बारा-पंधरा गाणारे, त्यात सरांच्या ऐंशीच्या घरातल्या आई पहिल्या रांगेत. दुसऱ्या कडव्यात माझा डावा हात पूर्ण सुटला. मी उजव्याने चाल धरून ठेवली आणि चार बारांनंतर डावा पुन्हा चढवला. आई मागे वळून सरांना कोकणीत काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या ते सर सांगत नाहीत, पण पुढच्या शुक्रवारी पुन्हा बोलावलंय.